दाखला आणि साक्ष : माध्यमिक शाळेतील सर्जनशील लेखनाचे अध्यापन – एक ख्रिस्ती दृष्टिकोन
(घोटी, ता. इगतपुरी, जि. नाशिक या परिसराच्या संदर्भात)

सारांश

माध्यमिक शाळेत सर्जनशील लेखन शिकविताना ख्रिस्ती विचारपरंपरेतून कोणते साहाय्य घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विद्यार्थ्याच्या कथेला ख्रिस्ती तात्पर्य जोडणे म्हणजे ख्रिस्ती दृष्टिकोन, असा एक समज आढळतो. बायबलमधील कथनपद्धती आणि मराठी ख्रिस्ती साहित्य यांचा आधार घेतल्यास हा समज टिकत नाही. समोरच्या वस्तूला तिच्या नावाने ओळखणे, निर्णय वाचकावर सोपविणे आणि पाहिलेले खरेपणाने सांगणे या तीन सवयी ही परंपरा शिकविते. त्या कोणत्याही धर्माच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडणाऱ्या आहेत, हे येथे नाशिक जिल्ह्याशी संबंधित उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : सर्जनशील लेखन, माध्यमिक शिक्षण, दाखला, साक्ष, मराठी ख्रिस्ती साहित्य, घोटी.

प्रस्तावना

२०१८ साली आलेल्या दहावीच्या मराठी ‘कुमारभारती’ या पाठ्यपुस्तकात उपयोजित लेखनाला महत्त्वाचे स्थान मिळाले. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी आणि कथा हे लेखनप्रकार त्यात आले. प्रसंगलेखन, आत्मकथन व वैचारिक लेखन यांचाही समावेश झाला. विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे, ही यामागील अपेक्षा होय. प्रत्यक्षात मात्र ही अपेक्षा मार्गदर्शिकांतील तयार उताऱ्यांखाली दबून जाताना दिसते.

घोटी हे इगतपुरी तालुक्यातील भाताच्या व्यापाराचे गाव. मुंबई–नाशिक लोहमार्ग आणि महामार्ग या दोहोंवर ते वसले आहे. परिसरात भात, नागली, वरई व खुरासणी ही पिके घेतली जातात. आषाढात येथील खाचरांतून आवणी चालते, तेव्हा माध्यमिक शाळेतील अनेक मुलेमुली सकाळी चिखलात उभी राहून मग शाळेत येतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय त्यांना दिला, तर उत्तरपत्रिकेत येतो तो मार्गदर्शिकेतील पाऊस : थुईथुई नाचणारा मोर, रंगीबेरंगी छत्र्या, गरमागरम भजी. आईच्या पाठीवरचे इरले, बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या, रोपांच्या मुठी मोजणारी धाकटी बहीण यांपैकी काहीही त्यात येत नाही. आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही, असा निष्कर्ष त्या विद्यार्थ्याने मनोमन काढलेला असतो. लेखन शिकविणाऱ्या शिक्षकाची खरी अडचण व्याकरणाच्या आधी येथे सुरू होते.

ख्रिस्ती संस्थांच्या शाळा, रविवारची शाळा किंवा चर्चचे युवक मंडळ यांतही हीच अडचण वेगळ्या रूपात दिसते. तेथे कथा ठराविक वाटेने जाते. मुलगा बिघडतो, संकटात सापडतो, प्रार्थना करतो आणि सुधारतो. शेवटी तात्पर्य येते. छत्र्यांचा पाऊस काय आणि ठराविक पश्चात्ताप काय, दोन्ही उसनेच. म्हणून ख्रिस्ती दृष्टिकोन म्हणजे नेमके काय, हे प्रथम निश्चित करणे आवश्यक ठरते.

दृष्टिकोन आणि धर्मशिक्षण यांतील भेद

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेतही कोणाला धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी संमती लागते आणि विद्यार्थी अज्ञान असल्यास ती पालकाची असावी लागते. घोटीसारख्या गावातील वर्गात हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती आणि आदिवासी समाजांतील मुले शेजारी शेजारी बसतात. अशा वर्गात लेखनाच्या तासिकेचा उपयोग धर्मप्रसारासाठी करणे घटनेच्या विरुद्ध जाईलच, शिवाय ते लेखनशिक्षणालाही मारक ठरेल. शिक्षकाला काय वाचायला आवडेल, हे ओळखून विद्यार्थी लिहू लागला की त्याचे स्वतःचे लेखन थांबते.

येथे ‘दृष्टिकोन’ हा शब्द शिक्षकाच्या बाजूने योजला आहे. भाषा, माणूस आणि कथा यांकडे शिक्षक कोणत्या नजरेने पाहतो, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थ्याच्या लेखनात ख्रिस्ती आशय येणे वा न येणे हा सर्वस्वी विद्यार्थ्याचा प्रश्न होय. ही नजर पुढील तीन सूत्रांत मांडता येते.

पहिले सूत्र : नामकरण

उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्य देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाल्याचे सांगितले आहे. निर्माणकर्त्याच्या प्रतिरूपातला मनुष्य स्वतःही काही निर्माण करू शकतो, हा त्याचा एक अर्थ घेतला जातो. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात देव प्राण्यांना आदामापुढे आणतो आणि त्यांना नावे देण्याचे काम त्याच्यावर सोपवितो. बायबलमधील मनुष्याची ही पहिली भाषिक कृती. ती उपदेशाची किंवा स्तुतीची नाही, ती समोर जे आहे त्याला नाव देण्याची आहे, ही गोष्ट लेखनाच्या शिक्षकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठीत ख्रिस्ती साहित्याचा आरंभही अशाच भाषिक निष्ठेने झाला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात त्यांनी येथील ओवी आणि पुराणाची घडण स्वीकारली. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा येथल्याच लोकांच्या ओठांवरचा शब्द घेतला. परक्या देशातून आलेल्या लेखकाने येथील शब्दांवर एवढा विश्वास ठेवला. येथेच जन्मलेल्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या शब्दांवर अविश्वास का दाखवावा, असा प्रश्न वर्गात जरूर उपस्थित करावा. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ‘वनवासी फूल’ या काव्यात रानातल्या एकाकी फुलाला संवादाचे पात्र केले. दुर्लक्षित वस्तूकडे आदराने पाहणे म्हणजे काय, याचे ते उत्तम उदाहरण होय.

या सूत्रावर आधारित पाठ साधा आहे. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर दिसणाऱ्या वीस वस्तूंची नावे विद्यार्थ्यांनी लिहून आणावीत. ‘झाड’, ‘पक्षी’, ‘गवत’ असे मोघम शब्द चालणार नाहीत. नाव ठाऊक नसल्यास घरातील मोठ्या माणसाला विचारावे. ‘सुंदर’, ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’ ही विशेषणे वर्ज्य समजावीत. मग त्यांपैकी पाच नावे घेऊन एक परिच्छेद लिहावा. राब भाजल्याचा वास, खाचराचा बांध, गिरणीतून उडणारा कोंडा, दुरून दिसणारे कळसूबाईचे शिखर हे शब्द वहीत उतरू लागले की मार्गदर्शिकेतला मोर आपोआप मागे पडतो. ज्या मुलांच्या घरी ठाकरी बोली किंवा उर्दू बोलली जाते, त्यांना त्या भाषेतील नाव लिहिण्याची मुभा असावी. नाव शुद्ध आहे की अशुद्ध, यापेक्षा ते नेमके आहे की नाही, हे पाहावे.

दुसरे सूत्र : दाखला

येशूच्या शिकवणुकीचा मोठा भाग दाखल्यांच्या रूपात आहे. दाखला म्हणजे बोधकथाच, असे ढोबळपणे म्हटले जाते. परंतु दोहोंत महत्त्वाचा फरक आहे. इसापनीतीच्या धर्तीवरील बोधकथा तात्पर्याने मिटते. दाखला पुष्कळदा उघडा राहतो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या कथेत धाकटा मुलगा परततो आणि घरात मेजवानी सुरू होते. थोरला भाऊ मात्र रागावून अंगणातच थांबतो. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि कथा संपते. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलेच नाही. चांगल्या शोमरोन्याच्या कथेचा शेवट तर प्रश्नाने होतो : जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, हे ऐकणाऱ्यानेच सांगायचे आहे. जुन्या करारात नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा संतापून अपराध्याला शिक्षा सुनावतो, आणि तो अपराधी आपणच आहोत, हे त्याला नंतर कळते. प्रत्यक्ष आरोपाने जे साधले नसते, ते कथेने साधले.

या कसोटीवर मराठी ख्रिस्ती साहित्याकडेही डोळसपणे पाहता येते. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. तत्कालीन विधवांच्या स्थितीचे तिच्यातील चित्रण आजही वाचकाला अस्वस्थ करते. परंतु धर्मचर्चेचे दीर्घ संवाद सुरू झाले की कथा थांबते आणि पात्रे लेखकाच्या मतांची वाहक बनतात. यात ग्रंथाचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही. मात्र हेतू कितीही उदात्त असला, तरी तो कथेवर लादल्यास काय होते, हे विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी दोन्ही प्रकारचे उतारे जवळजवळ ठेवून वाचणे उपयुक्त ठरेल.

दाखला स्थानिक जीवनात कसा रुजवावा, यासाठी पेरणाऱ्याचा दाखला घेता येईल. पेरणाऱ्याच्या हातून काही बी वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काटेऱ्यांत आणि काही चांगल्या जमिनीत पडते, अशी ती कथा. घोटी परिसरातील विद्यार्थ्याला ती ऐकताच एक शंका यावी : असे बी टाकते कोण? त्याच्या घरी भाताचे बी राबात टाकतात, रोप वीतभर झाले की उपटून मुठी बांधतात आणि खाचरात एकेक करून लावतात. ही शंका दाबू नये. तीच लेखनाचा आरंभ आहे. बी उधळणाऱ्याच्या जागी रोपे लावणारी बाई आली, तर कथा काय होईल? उपटले जाणे, मुळे उघडी पडणे, दुसऱ्याच जमिनीत तग धरणे, यांतून शाळेसाठी आश्रमशाळेत राहणाऱ्या किंवा कामासाठी मुंबईला गेलेल्या मुलाची कथा उभी राहू शकते. मूळ दाखल्याची नक्कल न करता त्याची रीत आत्मसात करणे, ते हे.

दुसरा पाठ रस्त्याचा. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा निर्जन रस्ता ही शोमरोन्याच्या कथेची पार्श्वभूमी आहे. घोटीच्या मुलांना कसारा घाट आणि महामार्गावरील अपघात परिचित आहेत. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे कलम १३४अ आणले. अशा मदतनीसाला त्या कलमाच्या इंग्रजी पाठात ‘गुड समॅरिटन’, म्हणजे चांगला शोमरोनी, असेच म्हटले आहे. एका दाखल्यातील अनामिक पात्र दोन हजार वर्षांनी भारतीय कायद्यात आले, ही माहिती विद्यार्थ्यांना कथेच्या सामर्थ्याची कल्पना देते. त्यानंतर त्यांना घाटातील अपघाताची कथा लिहिण्यास सांगावे. अटी तीन : न थांबता निघून गेलेल्या माणसालाही पटण्याजोगे कारण असावे, मदत करणारा असा असावा की ज्याच्याकडून मदतीची अपेक्षाच नव्हती, आणि कथेच्या शेवटी तात्पर्य नसावे. यांपैकी पहिली अट सर्वांत अवघड असते. दुष्ट वाटणाऱ्या पात्रालाही माणूस म्हणून समजून घेण्याचा अभ्यास तीत आहे. शेजाऱ्यावर प्रीती करण्याच्या आज्ञेचा लेखनातील अर्थ यापेक्षा फारसा वेगळा नसावा.

तिसरे सूत्र : साक्ष

ख्रिस्ती परिभाषेत ‘साक्ष’ म्हणजे अनुभवलेल्या गोष्टीचे कथन. नव्या करारात येशूचे चरित्र एकाच ग्रंथात न येता चार शुभवर्तमानांत येते आणि त्या चारांच्या तपशिलांत व भरात भेद आहेत. विशेष म्हणजे पेत्राने येशूला तीनदा नाकारल्याची हकीकत चारही ठिकाणी आहे. मंडळीच्या आद्य पुढाऱ्याची ही दुर्बलता लपविली गेली नाही. स्वतःच्या पक्षाला गैरसोयीचे असले तरी घडलेले सांगणे, हा साक्षीचा गाभा होय.

या अर्थाने मराठीतील श्रेष्ठ साक्ष नाशिक जिल्ह्याच्या कन्येने दिली आहे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. बालपणीच त्यांचा विवाह झाला. रीतसर शालेय शिक्षण मिळाले नाही. १८९५ साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती होत्या. तरीही पतीच्या धर्मांतराने आपल्यावर कोसळलेले दुःख, आलेला संताप आणि भोगलेला एकाकीपणा त्यांनी सौम्य करून सांगितला नाही. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पतीचा विसराळूपणा व उधळा स्वभाव, स्वतःचा हट्ट आणि मनातून जातिभेद गळून पडण्याचा क्षण हे सारे त्या सारख्याच मोकळेपणाने व विनोदबुद्धीने सांगतात. धर्माच्या समर्थनासाठी त्यांनी आठवणींना कात्री लावली नाही. म्हणूनच सर्व धर्मांच्या मराठी वाचकांनी हे पुस्तक आपले मानले. आपली भाषा लिखाणाजोगी नाही, असे मानणाऱ्या विद्यार्थिनीला देण्यासाठी याहून चांगले पुस्तक सापडणे कठीण.

नाशिकचे दुसरे उदाहरण कमी परिचित आहे. एकोणिसाव्या शतकात शरणपूर येथील चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना शिक्षण दिले जाई. त्यांपैकी जेकब वेनराइट हा तरुण पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या सेवेत दाखल झाला. मे १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन यांचे आफ्रिकेत निधन झाले, तेव्हा त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या खोडावर त्यांच्या मृत्यूची नोंद कोरली आणि पार्थिव समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेण्याच्या दीर्घ प्रवासाची रोजनिशी लिहिली. लिव्हिंग्स्टन यांच्याविषयी युरोपियनांनी विपुल लिहिले. परंतु त्या यात्रेतील आफ्रिकी सोबत्याचे स्वहस्ते लिहिलेले वृत्त म्हणून या रोजनिशीचे मोल वेगळे आहे. ज्याच्याकडून कोणी इतिहासाची अपेक्षा केली नव्हती, त्या नाशिकच्या विद्यार्थ्याने इतिहास लिहून ठेवला.

यावरील पाठ दोन टप्प्यांत घ्यावा. एकाच घटनेचे, उदाहरणार्थ आठवडे बाजारातील घासाघिशीचे, दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे न पाहता वर्णन करावे. एकाने विक्रेत्याच्या, दुसऱ्याने गिऱ्हाइकाच्या बाजूने. दोन्ही वर्णने वाचून फरक कोठे व का पडला, याची चर्चा करावी. दुसऱ्या टप्प्यात प्रत्येकाने घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांची एक आठवण ऐकून ती त्यांच्याच बोलीत लिहावी.

शिक्षकाची भूमिका : टिळक आणि बालकवी

वरील तिन्ही सूत्रांचे यश शिक्षकाच्या वृत्तीवर अवलंबून आहे. याबाबत रेव्हरंड टिळक आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा संबंध उद्बोधक ठरतो. धरणगाव येथे १८९० साली जन्मलेल्या ठोमऱ्यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे, म्हणजे आजच्या अकरावी–बारावीच्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. पुढे ते काही काळ अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळक उघडपणे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. आपला विश्वास त्यांनी कधी लपविला नाही. लक्ष्मीबाईंनी या मुलाला घरचेच मानले. ठोमरे मात्र ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांची कविताही टिळकांची प्रतिध्वनी ठरली नाही. निसर्गाकडे पाहण्याची त्यांची स्वतःची रीत अखेरपर्यंत, म्हणजे १९१८ मधील त्यांच्या अकाली मृत्यूपर्यंत, टिकली. शिक्षकाची श्रद्धा दृढ असूनही विद्यार्थ्याचे स्वातंत्र्य अबाधित राहू शकते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

मूल्यमापन आणि दक्षता

सर्जनशील लेखनाचे गुणांकन करताना वीस गुणांची विभागणी पुढीलप्रमाणे सुचविता येईल : नेमके निरीक्षण व शब्दयोजना – ६, पात्रांविषयीची समज – ५, रचना व शेवट – ५, लेखननियम – ४. आशयातील धार्मिकता वा नैतिकता यांना गुण नसावेत. पश्चात्तापाच्या कथेला अधिक आणि शंकेच्या कथेला कमी गुण मिळतात, असे एकदा विद्यार्थ्यांच्या लक्षात आले की पुढील सर्व लेखन ढोंगी होते.

साक्षीच्या पाठात आणखी एक जबाबदारी उद्भवते. खरे लिहा, असे सांगितल्यावर काही मुले खरोखरच खरे लिहितात : घरातील दारू, मारहाण, उपासमार, लग्नाची घाई. असे लेखन विद्यार्थ्याच्या संमतीविना वर्गात वाचू नये आणि कोणाला दाखवू नये. मात्र ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. अडचणीतील मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक वर्गात ठळकपणे लावावा. लेखन तपासून गुण दिले की काम संपले, असे येथे म्हणता येत नाही. जखमी माणसाला पाहून पुढे निघून जाणारा याजक दाखल्यात आहे. शिक्षकाने त्याच्या वाटेने जाऊ नये.

समारोप

ख्रिस्ती दृष्टिकोनातून सर्जनशील लेखन शिकविणे म्हणजे ख्रिस्ती विषयांवर लिहून घेणे, ही कल्पना अपुरी आहे. नावाची नेमकेपणा, दाखल्याचा उघडा शेवट आणि साक्षीचा खरेपणा या तीन गोष्टी ही परंपरा शिक्षकाच्या हाती देते. फादर स्टीफन्स, रेव्हरंड टिळक आणि विशेषतः लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाने त्या मराठी मातीत रुजविल्या आहेत. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी भूषविले. हा प्रवाह मराठीच्या मुख्य धारेत किती मिसळला आहे, याची ती खूण होती.

घोटीच्या शाळेतील विद्यार्थी कोणत्या धर्माचा आहे, हा या अध्यापनातील निर्णायक प्रश्न नाही. आवणीच्या चिखलातून आलेल्या त्या मुलाला आपले जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे वाटते की नाही, हा प्रश्न निर्णायक आहे. तसे ते वाटू लागले आणि त्याने आपल्या शब्दांत एक खरा परिच्छेद लिहिला, तर लेखनाच्या तासिकेचा हेतू सफल झाला असे समजावे.